गाळाचे विरजण

आमचे गाव तिरोड्यापासून बैलगाडीने तीन तासांवर होते. तो भाग आज गोंदिया जिल्ह्यात येतो, तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. गावात तीन विहिरी होत्या. चैत्र संपेपर्यंत दोन आटत आणि तिसरीचे पाणी खारट होते, ते जनावरांना आणि भांडी घासायला वापरत. पिण्याचे पाणी बोडीतून आणावे लागे. बोडी म्हणजे शेतांच्या उतारावर पाळ घालून अडवलेले लहान तळे. वैशाखात तिच्यात कमरेइतके पाणी उरायचे. एका काठाला म्हशी बसत, दुसऱ्या काठाला बाया पाण्याच्या पितळी गुंड्या भरत. पाण्याचा रंग दूध घातलेल्या चहासारखा असे. लोट्यात भरून दोन दिवस ठेवले तरी तो बदलत नसे.

घरात आम्ही चौघे होतो. बाबूजी, म्हणजे माझे वडील, मालगुजार जमीनदाराकडे कारकुनी करून आता घरी बसले होते. मोठा भाऊ तेंदूपत्त्याच्या हंगामात एका ठेकेदाराचा फडीमुंशी म्हणून देवरीच्या जंगलात जायचा. मजुरांनी तोडून आणलेले पानांचे पुडे मोजून घ्यायचे, हे त्याचे काम. दीड-दोन महिने तो घरी नसे. तिसरी त्याची बायको, माझी वहिनी. चौथा मी. मी नागपूरला विज्ञान शिकत होतो आणि उन्हाळ्याच्या सुटीत घरी आलो होतो. दुसरे महायुद्ध चालू होते.

वहिनीचे माहेर देवरीच्या पलीकडे जंगलाला लागून होते. लग्नाला चार वर्षे झाली होती. दरवर्षी होळीनंतर माहेराहून येताना ती लुगड्याच्या पदरात निवळीच्या बिया बांधून आणायची. बी गोल, चपटे, चिंचोक्यापेक्षा लहान. ते ओले करून रांजणाच्या आतल्या खरखरीत अंगावर चोळायचे आणि मग बोडीचे पाणी ओतायचे. दुपारपर्यंत पाणी निवळते. इतके आमच्या भागात सगळीकडेच करत. वहिनीच्या माहेरच्या रीतीत आणखी एक गोष्ट होती. रांजण रिकामा झाला तरी तळाचा चार बोटे गाळ तिकडच्या बाया काढत नसत. त्यावर नवे पाणी उंचावरून जोराने ओतायचे, म्हणजे गाळ उठून सगळ्या पाण्यात मिसळतो. असे केले की पाणी लवकर निवळते आणि बी अर्धेच लागते. या गाळाला वहिनी इरजन म्हणायची, म्हणजे विरजण. दर अमावास्येला रांजण धुवायचा, पण त्याआधी वाटीभर गाळ काढून ठेवायचा आणि धुतलेल्या रांजणात परत घालायचा.

गावात या रीतीची चेष्टा व्हायची. शेजारच्या काकीने एकदा आमच्या ओसरीवर बसून बाबूजींना विचारले, "तुमच्या सुनेच्या माहेरी लोक चिखल पेतेत का जी?"

वहिनी आतून म्हणाली, "पेत नाई काकी. चिखलाले कामाले लावतो."

बाबूजी हसले. पण सुनेने घरात गाळ सांभाळावा हे त्यांनाही फारसे आवडत नव्हते. भाऊ घरी असला की तो काही बोलत नसे आणि नसला की त्याचा प्रश्नच नव्हता. चार वर्षे वहिनी हे एकटीच्या जबाबदारीवर करत आली होती.

त्या वर्षी कॉलेजात आमच्या एका प्राध्यापकांनी गढूळ पाण्यावर तीन तास शिकवले होते. त्यांचे सांगणे मी वहीत उतरवून घेतले होते. पाणी गढूळ दिसते ते मातीच्या अत्यंत बारीक कणांमुळे. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा एक कण. एवढा कण आपल्या वजनाने खाली बसत नाही, पाण्याचे रेणू त्याला सतत धक्के देत राहतात. दोन कण एकमेकांना चिकटून मोठे झाले तरच बसतील. पण ते चिकटत नाहीत, कारण प्रत्येकाच्या अंगावर सारखाच विद्युतभार असतो आणि सारखे भार एकमेकांना दूर लोटतात.

पुढचा भाग नवा होता. प्राध्यापक म्हणाले की याच कणांमध्ये एक ओढही असते आणि ती कधीच बंद होत नाही. एका रेणूची दुसऱ्या रेणूवरची ओढ फार जवळून चालते, जरा अंतर पडले की संपते. पण कणात असे लाखो रेणू असतात. इकडचा प्रत्येक रेणू तिकडच्या प्रत्येकाला ओढतो आणि या सगळ्या ओढींची बेरीज दूरवर पोचते. दूर म्हणजे कणाच्या मापाने दूर, त्याच्या स्वतःच्या जाडीइतके. म्हणजे दोन कणांमध्ये एकाच वेळी लोटणे आणि ओढणे अशी दोन बळे असतात. तुरटी किंवा तसे काही घातले की लोटणारे बळ आखडते, ओढणारे होते तेवढेच राहते. मग कण एकमेकांवर जातात, गुठळ्या होतात आणि गुठळ्या खाली बसतात. या बळांचे गणित युरोपात तेव्हा मांडले जात होते. युद्धामुळे तिकडची नियतकालिके नागपूरला यायची थांबली होती, त्यामुळे पुढे काय झाले ते प्राध्यापकांना ठाऊक नव्हते. जाता जाता त्यांनी एक वाक्य सांगितले होते की रोगजंतूंच्या अंगावरही असाच भार असतो आणि तेही मातीच्या कणांबरोबर खाली ओढले जातात. तेही मी उतरवून घेतले होते.

घरी आल्यावर वहिनीचा रांजण मी चार वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिला. औषधाच्या चार रिकाम्या बाटल्या घेतल्या आणि चारींत बोडीचे पाणी भरले. पहिली तशीच ठेवली. दुसरीत निवळीचे बी उगाळून घातले, तिसरीत फक्त जुना गाळ, चौथीत बी आणि गाळ दोन्ही. ओसरीवर उन्हाच्या कवडशात त्या रांगेत ठेवून बाबूजींचे घड्याळ घेऊन बसलो. चौथी बाटली सगळ्यांत आधी निवळली. दुसरी तिच्यानंतर बऱ्याच वेळाने. तिसरी किंचित उजळली. पहिली गढूळच राहिली.

कारण समजण्यासारखे होते. जुन्या गाळाच्या तयार गुठळ्या पाण्यात फिरताना नवे कण त्यांच्यावर जाऊन चिकटतात, गुठळी मुळापासून बनावी लागत नाही. वहिनीच्या माहेरच्या बायांनी हे कधी काळी शोधून काढले होते आणि त्यांना दहीच आठवले, यात चूक काही नव्हती. मी हे बाबूजींना समजावून सांगितले, मग काकीला, मग ओसरीवर जो येईल त्याला. चार बाटल्या आठवडाभर तिथेच होत्या. बोलताना मी जंतूंचेही सांगायचो.

परिणाम असा झाला की गावातल्या पाच घरांतून बाया वाटी घेऊन गाळ मागायला आल्या. पहिली काकीच होती. वहिनीने तिला वाटी भरून दिली आणि म्हणाली, "घ्या काकी, माझ्या माहेरचा चिखल." काकी म्हणाली की तुझा नाही, आता हा कॉलेजातला चिखल आहे. त्या दिवसांत वहिनी मोकळेपणाने बोलायची. बाबूजी पाणी पिताना रांजणाची तारीफ करत. मला हे सगळे आवडत होते.

ज्येष्ठ लागला तेव्हा शेजारच्या गावात पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, माणसे मेल्याची बातमी आली. तिथले एक कुटुंब घाबरून आमच्या गावात नातेवाइकांकडे राहायला आले आणि त्यांनी बोडीवर कपडे धुतले, असे नंतर सांगण्यात आले. मी ते पाहिलेले नाही.

दोन दिवसांनी आरोग्य खात्याचा माणूस सायकलवरून आला. मूळचा रायपूरकडचा होता, हिंदी बोलायचा. खाऱ्या विहिरीत त्याने लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, टाकली, विहिरीचे पाणी जांभळे झाले. बोडीत टाकण्याइतकी दवा त्याच्याजवळ नव्हती. पाणी उकळून प्यायचे, घरात साठवलेले सगळे ओतून टाकायचे, भांडी चुन्याने धुवायची, असे तो घरोघर सांगत गेला. आमच्याकडे आला तेव्हा बाबूजींनी त्याला रांजणातलेच पाणी पुढे केले. त्याने ते घेतले नाही. रांजणात वाकून पाहिले आणि म्हणाला, "पानी तो साफ है. नीचे क्या रखा है?"

मी त्याला बळांची सगळी हकिगत सांगितली. बाटल्या दाखवल्या. गाळ हाच पाण्यातला सर्वांत उपयोगी भाग आहे, जंतू त्याला चिकटून खाली जातात, उलट तुमच्या दवेने फक्त रंग बदलतो, असे मी म्हणालो. तो दिवसभर सायकल चालवून थकला होता. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "आप पढ़े-लिखे हैं. मैं तो इतना जानता हूँ, फेंक दो." आणि पुढच्या घरी गेला.

तो गेल्यावर वहिनी रांजणाजवळ उभी होती. तिने विचारले, "भाऊजी, फेकू का मंग?"

"कायले?"

"तो म्हणून राहिला ना."

"त्याले नाई समजत. जे वाईट असन ते खाली बसलं हाय, वरचं पाणी साफ हाय. फेकलं तं उद्या गढूळच प्यावं लागन."

तिने झाकण उचलून हातात घेतले. "उकळू का? चुलीले काड्या हायेत."

उकळायला हरकत नाही पण गरज नाही, असे मी सांगितले. बाबूजी आतून म्हणाले की उकळलेल्या पाण्याला धुराचा वास येतो. वहिनीने झाकण ठेवले. पुढे म्हणाली, "तुमी सांगता तं ठेवतो." काकी कुंपणापलीकडून ऐकत होती. तिनेही आपला गाळ ठेवला आणि बाकीच्या चार घरांना तसे कळवले.

सहाव्या दिवशी सकाळी वहिनीला जुलाब आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. पहिल्या दोन वेळा तिने कोणाला सांगितले नाही. सूर्य वर आला तेव्हा ती मागच्या अंगणात भिंतीला टेकून बसलेली मला दिसली. बोटांची कातडी पाण्यात बराच वेळ ठेवल्यासारखी सुरकुतली होती. डोळे आत गेले होते. आवाज इतका बारीक झाला होता की जवळ जावे लागत होते.

गावात डॉक्टर नव्हता. तिरोड्याला दवाखाना होता आणि तिथून रेल्वेने गोंदियाला नेता आले असते. बाबूजींनी बैलगाडी मिळवली. दोन घरांनी नाही म्हटले, तिसऱ्याने बैल आणि गाडी दिली पण हाकायला कोणी आले नाही. बाबूजींनी स्वतः हाकली. मी गाडीत भाताच्या तणसावर वहिनीचे डोके मांडीवर घेऊन बसलो. निघताना घाईत मी रांजणातून एक गुंडी भरून घेतली होती. दुसरे पाणी घरात नव्हते.

वाटेत ती सारखी पाणी मागत होती. पोटात राहत नव्हते तरी मागत होती. अर्धी वाट झाली असेल तेव्हा मी लोटा तिच्या तोंडाशी नेला. तिने तोंड बाजूला केले आणि विचारले, "वरचं हाय का?"

मला प्रश्न कळला नाही. तिने पुन्हा तेच विचारले. मी हो म्हणालो. ती प्यायली.

त्यानंतर ती बोलली नाही. तिरोडा दिसायला लागण्याआधी, रस्त्याच्या कडेला मोहाची झाडे आहेत तिथे, श्वास थांबला. बाबूजींनी गाडी उभी केली. मग गाडी वळवली.

परतीच्या वाटेत मला तो प्रश्न समजला. आमच्या घरात, आणि बहुतेक सगळ्याच घरांत, पाणी एका क्रमाने प्यायले जाई. सकाळी निवळलेल्या रांजणातून आधी वडीलधारे, मग पुरुष, पाहुणा असला तर तो, आणि शेवटी घरातली बाई. लोटा वरून बुडवत जायचा. दिवस कलला की तळाशी गाळावरचे चार-पाच लोटे उरत. ते संपवले नाहीत तर नवे पाणी ओतता येत नाही. ते वहिनी प्यायची. चार वर्षे ती रोज तेच पीत होती आणि हे मी रोज पाहिले होते. बाटल्यांत किती वेळात काय निवळते ते मी टिपून ठेवले. तळाचे पाणी कोण पिते हे टिपले नव्हते. गुठळ्या सैल असतात, लोट्याच्या धक्क्याने पुन्हा उठतात, आणि रोज नवे पाणी जोराने ओतून आदल्या दिवसाचे सगळे परत ढवळले जाते, हेही मला माहीत असलेल्या गोष्टींतूनच निघत होते. सगळ्यांच्या पाण्यातले जे काही होते ते त्या बळांनी गोळा करून तिच्या वाट्याला आणले होते.

हे मी सिद्ध करू शकत नाही. रांजणातले पाणी कोणी तपासले नाही. बोडीवर पाणी भरताना, कपडे धुताना तिला संसर्ग झाला असणेही शक्य आहे. पण बाबूजी आणि मी त्याच रांजणातून पीत होतो, आम्हा दोघांनाही काही झाले नाही. भाऊ तर जंगलातच होता.

भाऊ तिसऱ्या दिवशी आला. निरोप जंगलातल्या फडीवर पोचायलाच दोन दिवस लागले होते. तोवर सगळे आटोपले होते. मी त्याला पहिल्यापासून सांगितले, आरोग्य खात्याच्या माणसाचे बोलणे, वहिनीने विचारलेले, मी दिलेले उत्तर. काही गाळले नाही.  संपल्यावर तो म्हणाला, "मंग आता कायले सांगून राहिला?" आणि ज्या गाडीने आला होता तिच्या बैलांना पाणी दाखवायला उठून गेला. 

त्याच दिवशी मी रांजण फोडला. मग पाच घरी गेलो आणि गाळ टाकून द्या, पाणी उकळा, असे सांगितले. तीन घरांनी ऐकले. चौथ्या घरी कोणी दार उघडले नाही. शेवटी काकीकडे गेलो. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी सगळे समजावले. तिने सूप खाली ठेवले आणि विचारले, "तवा सांगतलं ते खरं, का आता सांगता ते?"

तेव्हाचे अर्धे खरे होते, असे मी म्हणालो.

"मंग अर्ध्यासाठी कायले फेकू?" ती म्हणाली. "माझ्या डोळ्याले तं पाणी साफ दिसते."

मी तिला तळाचे पाणी कोण पिते ते विचारले. ती म्हणाली की तिच्या घरी सून नाही, ती एकटीच आहे, वरचेही तीच पिते आणि खालचेही.

ज्या तीन घरांनी गाळ टाकला आणि पाणी उकळले, त्यांतल्या एका घरात आठ दिवसांनी एक म्हातारा पटकीने गेला. तो उकळलेल्या पाण्याने गेला असे लोक म्हणू लागले, कारण त्या घरी दुसरा बदल झाला नव्हता. काकीला काही झाले नाही. बंद दाराच्या घरीही नाही. मी सुटी संपवून नागपूरला गेलो तेव्हा गावाचे मत तयार झाले होते की आमच्या सुनेला माहेराहूनच काहीतरी लागले होते आणि गाळाचा त्याच्याशी संबंध नाही. नागपूरला मी प्राध्यापकांना हे सांगितले. त्यांनी विचारले की बाटल्यांच्या नोंदी ठेवल्या आहेत का. मी ठेवल्या होत्या. त्या त्यांना दिल्या आणि परत मागितल्या नाहीत. पुढच्या वर्षी मी विज्ञान सोडले.

भावाचे दुसरे लग्न वर्षाच्या आत झाले. मुलगी तिरोड्याजवळची होती. तिच्या माहेरी विहिरीला बाराही महिने पाणी असे, तिला निवळीचे बी माहीत नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात मी घरी गेलो तेव्हा ओसरीच्या कोपऱ्यात नवा रांजण होता. पाणी स्वच्छ होते. झाकण उचलून वाकलो तर तळाशी चार बोटे गाळ होता. काकीकडून वाटीभर आणला होता.

मी नव्या वहिनीला हे टाकून द्यायला सांगितले. तिला माझ्याशी बोलायची अजून सवय नव्हती. ती बाबूजींकडे पाहत म्हणाली, "तुमीच तं सांगतलं होतं म्हणे."

 भाऊ जंगलात होता. मी होतो ते दहा दिवस तिने पाणी उकळले. बाबूजींना धुराचा वास येई म्हणून ते ताक पीत. मी निघालो त्या सकाळी चुलीवर पाण्याचे भांडे चढवलेले नव्हते. मी त्याबद्दल विचारले नाही आणि स्टेशनकडे निघालो.